जयगड बंदर : काल आणि आज

शास्त्री नदी संगमेश्वराहून वळणे घेत येते व जयगडापाशी सिंधुसागराला मिळते. दक्षिण तीरावर किल्ला, समोर गुहागर तालुक्यातील तवसाळ आणि मध्ये वाऱ्यापासून सुरक्षित अशी खोल खाडी. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त गावाचा इतिहास सांगायचा, तर तो या बंदरापासूनच सुरू करावा लागतो. देवाने या गावाला दिलेले मोठे धन म्हणजे हा आडोसाच होय.

सोळाव्या शतकात विजापूरच्या अमलात किल्ला उभा राहिला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकाच्या हाती गेला. त्याला हुसकावण्यासाठी १५८३ व १५८५ साली पोर्तुगीज आणि विजापूरकर एकत्र आले, यावरून या खाडीच्या तोंडाचे महत्त्व ध्यानात यावे. नंतर आंग्र्यांचे आरमार येथे वावरले व १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. बांधकाम टिकेना म्हणून जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी देऊ केला, अशी आख्यायिका आहे. बांधविणाऱ्याचे नाव आज कोणी घेत नाही. गावाला नाव मिळाले ते जयबाचे.

एके काळी मोठी गलबते येथून खाडीने थेट संगमेश्वराच्या धक्क्याला लागत. नदी गाळाने भरत गेली आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांना अलीकडे फुणगूस येथे थांबावे लागू लागले. वरचा व्यापार आटला, तरी मुखावरचे पाणी खोलच राहिले. १९३२ साली जयगडच्या टोकावर ओतीव लोखंडाचे दीपगृह उभे राहिले.

जुन्या मंडळींच्या बोलण्यात मात्र किल्ल्यापेक्षा आगबोट अधिक येते. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे थांबे घेत. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या कडेला जाई. डोक्यावर ट्रंक, काखेत मूल, अंगावर उडणारे खारे पाणी, अशा स्थितीत चाकरमानी गावी उतरत असे. शिमग्याला पालखीच्या ओढीने येणाऱ्याला ही वाट सोयीची होती. गणपतीला मात्र बोटीचा भरवसा नसे, कारण पावसाळ्यात ती बंद असे. मग घाटातून येणे किंवा मुंबईतच हळहळत बसणे. या पुस्तिकेतील देणगीदारांच्या यादीत ज्यांची नावे आहेत, त्यांतील कित्येकांचे वाडवडील याच पडावातून मुंबईला गेले असतील. रस्ते झाले, एस.टी. आली, बोट थांबली.

मासेमारी मात्र थांबली नाही. खारवी, भंडारी, मुसलमान असे सर्व समाज या पाण्यावर जगत आले. शिडाच्या होड्या गेल्या व यंत्रनौका आल्या, तशा गरजाही वाढल्या : बर्फ, डिझेल, गोडे पाणी, जाळी वाळवायला जागा, मासळी उतरवायला धक्का. वादळाची सूचना मिळाली की परगावच्या, पार गुजरातकडच्याही नौका येथे आसऱ्याला येतात. त्या दिवसांत खाडी होड्यांनी भरून जाते आणि पाण्याला व बर्फाला एकच झुंबड उडते. आसरा निसर्गाने दिला, पण सोयी माणसानेच करावयाच्या असतात, आणि त्या बाबतीत लहान मच्छीमाराच्या वाट्याला नेहमीच उशीर आला आहे.

धामणखोल येथे २००९ साली जिंदल समूहाचे मोठे बंदर सुरू झाले, लावगणला जहाजदुरुस्तीची गोदी आली. कोळशाची अवाढव्य जहाजे पाहून म्हातारी माणसे थक्क होतात. काही तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. मात्र जहाजांच्या वाटेत जाळे टाकता येत नाही, आणि होडीवाल्याला त्याचा हिशेब रोज करावा लागतो. जयगड-तवसाळ फेरीबोटीने मोटारींसह माणसे पलीकडे जातात. गणपतीपुळ्याहून हेदवी-वेळणेश्वराकडे निघालेले प्रवासी धक्क्यावर थांबून किल्ला न्याहाळतात.

जून-जुलैत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जाळी शिवली जातात, इंजिने उघडली जातात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो.