दूरस्थ वर्गातील मौन : सातारा-सांगलीच्या महाविद्यालयीन अध्यापनाचे एक प्रकरण (२०२०-२१)

कृष्णाकाठच्या शिक्षणाचा इतिहास पाहू लागले म्हणजे त्यातील सहवासाचे स्थान प्रथम नजरेत भरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. संस्थेच्या वाढीत वसतिगृहे आधी व शाळा मागाहून, असाच क्रम आढळतो. १९४७ साली निघालेले साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज याच परंपरेतले होय. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाची (१९१९) घडण निराळी. तथापि गुरू आणि शिष्य एका आवारात वावरतात, हे गृहीत तेथेही कायमच होते.

मार्च २०२० मध्ये हे गृहीत कोसळले. महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली, आणि विद्यार्थी पाटण-जावळीच्या डोंगरात, माण-खटाव-जतच्या माळावर आपापल्या गावी परतले. त्यानंतरचे अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पडद्यामागील परिस्थितीची कल्पना येते. साधनांच्या या टंचाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. ती म्हणजे अध्यापक व विद्यार्थी यांनी परस्परांच्या मौनाचा लावलेला अर्थ.

प्रत्यक्ष वर्गातील मौन अनेक प्रकारचे असते. न समजल्याचे मौन, लाजेचे मौन, कंटाळ्याचे मौन आणि विचारात गढलेल्याचे मौन यांतील भेद अनुभवी अध्यापक चेहरे पाहून क्षणात ओळखतो. पडद्यावर मात्र सर्व मौनांचा चेहरा एकच, काळा चौकोन. ‘आवाज येतो का?’ या प्रश्नाला उत्तर आले नाही की विद्यार्थी बेफिकीर आहे, असा ग्रह होई. इकडे विद्यार्थी ‘रेंज’साठी गावाबाहेरच्या टेकडीवर बसलेला, त्याला प्रश्न अर्धाच ऐकू आलेला, आणि उत्तर द्यावे तोवर संबंध तुटलेला. कित्येकदा घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला. हे सांगण्याचा संकोचही थोडा नव्हे. अध्यापकाची स्थिती याहून सुखाची होती असेही नाही. तासभर निर्जीव चौकोनांशी बोलत राहणे हा त्याच्याही स्वाभिमानावरील आघातच होता, आणि दुखावलेला मनुष्य दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ उदारपणे लावीत नाही.

या भागातील विद्यार्थी भर वर्गात सहसा शंका विचारीत नाही. तो तास संपण्याची वाट पाहतो, व्हरांड्यात गाठतो, ‘सर, येऊ का?’ म्हणून अध्यापकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहतो. गावच्या एसटीला अवकाश असेल तर ती मुलाखत लांबते. खरे अध्यापन पुष्कळदा या अर्ध्या तासातच होत असे. पडद्यावरील वर्गाला व्हरांडा नव्हता. शंका आता व्हॉट्सअॅपवर रात्री दहाला येऊ लागली. अध्यापकाला ती आगळीक वाटली. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, म्हणजे विद्यार्थ्याला तो अव्हेर वाटला.

हे सर्व अटळ होते असे म्हणता येत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून, प्रथम कुलगुरू राम ताकवले यांच्या कारकिर्दीतच, स्वयंअध्ययनाची पुस्तके व अभ्यासकेंद्रे यांची योजना केली होती. अमेरिकेतील अभ्यासक मायकेल मूर यांचे प्रतिपादनही जुनेच. दूरशिक्षणातील अंतर मैलांचे नसून संवादाचे व पाठाच्या रचनेचे असते, असे त्यांचे म्हणणे. परंतु २०२० मध्ये महाविद्यालयांनी बव्हंशी तासाचे व्याख्यान जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवले. दूरशिक्षणाचे शास्त्र राज्यात उपलब्ध असता ते ‘मुक्त’ म्हणून दुय्यम लेखले गेले होते, हे त्याचे एक कारण संभवते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने अंतिम वर्षाची परीक्षा आवश्यक ठरली, आणि सारे लक्ष बहुपर्यायी प्रश्नांकडे वळले. संवादाचा प्रश्न मागे पडला.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणी एक विशेष अडचण आहे. पडद्यावरील वर्गाची हजेरी यंत्राने नोंदविली. त्यामुळे ती निःपक्ष साधन आहे असा भास होतो. वस्तुतः मोबाइल चालू ठेवून निजलेला विद्यार्थी तीत उपस्थित आहे, आणि टेकडीवर उन्हात बसून चार वेळा जोडणी तुटलेला विद्यार्थी अनुपस्थित. अंतर्गत गुण देताना अशाच नोंदींचा आधार घेतला गेला असेल तेथे एका तासाचा गैरसमज गुणपत्रिकेत कायम झाला. या नोंदींची दुसरी बाजू विद्यार्थ्यांनी त्या काळी पाठविलेल्या ‘सर, रेंज नव्हती’ यांसारख्या संदेशांत आहे, आणि ते संदेश मोबाइल बदलताना पुसले जात आहेत.