वर विस्तव, खाली विस्तव

परदेशातली सून दोन वर्षांनी घरी येते तेव्हा सासरच्या माणसांनी एक पथ्य पाळावं. तिनं उच्चारलेला शब्द आपल्या ओळखीचा वाटला, तरी तो आपल्याला कळला असं समजू नये. आम्ही ते पाळलं नाही.

गेल्या डिसेंबरात आमची सून न्यू जर्सीहून शहापूरला आली. दुसऱ्याच रात्री पदर खोचावा तशा बाह्या सरसावून म्हणाली, "आई, उद्या सकाळी तुम्ही लवकर उठायचं नाही. मी आत्ताच कॅसरोल लावून ठेवते."

आमची ही तत्परतेनं उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा निळा कॅसरोल पुसून तिच्या हातात ठेवला. तिचंही काही चुकलं नाही. ऐंशीच्या दशकात ज्यांची लग्नं झाली त्यांना विचारा. अहेरात भिंतीवरच्या घड्याळांच्या खालोखाल काय यायचं, तर कॅसरोल. बाहेरून प्लास्टिक, आतून स्टील, मधे फोम, आणि पोटात रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या. आमच्याकडे असे चार होते. त्यातले दोन पुढे दुसऱ्यांच्या लग्नात गेले, हा भाग वेगळा.

सूनबाईनं तो उलटापालटा करून पाहिला. म्हणाली, "हा ओव्हनमध्ये ठेवला तर वितळेल हो."

मग उलगडा झाला. कॅसरोल हा मूळचा फ्रेंच शब्द. तिकडे त्याचा अर्थ दांड्याचं पातेलं. इंग्रजीत गेल्यावर तो भट्टीत ठेवायच्या झाकणाच्या भांड्याला आणि त्यात भाजलेल्या पदार्थालाही चिकटला. आपल्याकडे येईपर्यंत तो पोळ्यांचा डबा झाला. एका शब्दानं इतका प्रवास करावा आणि दर मुक्कामी निराळंच भांडं हातात घ्यावं!

सूनबाईचा पदार्थ होता तो असा: पावाचे तुकडे, अंडी, दूध, चीज, कांदा, सिमला मिरची. सगळं काचेच्या भांड्यात थापायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ३५० अंशांवर पाऊण तास भाजायचं. आमच्या ओव्हनचा काटा २५० च्या पुढे जात नाही, म्हणून मी सचिंत झालो. ते अंश फॅरनहाइटचे आहेत, आपले १७५, असं नातवानं मला समजावून सांगितलं. तिकडे नाताळच्या सकाळी घरोघरी हे करतात म्हणे. मुलं झाडाखालच्या भेटी उघडत असताना आईलाही तिथं बसता यावं, म्हणून काम आदल्या रात्रीच उरकायचं.

झोपाळ्यावर आमची आई बसली होती. वय शहाऐंशी. तिला ऐकू कमी येतं, पण स्वयंपाकाचं सगळं ऐकू येतं. ती म्हणाली, "म्हणजे भानोलंच की!"

आता भानोलं म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मधला मजकूर गाळून शेवटाकडे गेलं तरी चालेल. आम्ही सीकेपी. मुंबईचे पाठारे प्रभू आणि ठाणे-कल्याणकडचे आम्ही, या दोन जमातींत भानोल्यावरून कुणाचं अधिक चांगलं हा वाद आहे. तो मी इथं सोडवणार नाही. कोबी बारीक चिरायचा, त्यात कोलंबी, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, ओलं खोबरं, बेसन आणि हात न आखडता तेल घालायचं. मग जाड बुडाच्या टोपात ते थापायचं आणि वरखाली निखारे ठेवून भाजायचं. थंड झालं की वड्या पाडायच्या. माझ्या आजीचं गाव मुरबाड तालुक्यात, समुद्रापासून लांब. त्यामुळे तिथं ताज्या कोलंबीच्या जागी सोडे यायचे. सोडे घातलेलं भानोलं दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं, हे माझं प्रामाणिक मत आहे. घरातल्या इतर मतांप्रमाणे यालाही किंमत नाही.

भानोल्याची गोड बहीण म्हणजे धोंडस. भाद्रपदात वेलावर जून झालेलं तवसं किसायचं, तांदळाच्या कण्या, गूळ, खोबरं घालायचं आणि टोपात केळीच्या पानावर ओतून असंच भाजायचं. भाज्या शिजवताना झाकणावर पाणी ठेवायचं. भानोलं, धोंडस भाजताना निखारे ठेवायचे. आजीचा हिशेब होता: खाली एक वाटा, वर दोन वाटे. खाली जास्त झालं की बूड करपतं. वर कमी पडलं की मधलं पीठ कच्चं राहतं. ओतीव लोखंडाच्या भांड्यांतून निखाऱ्यांवर पाव भाजणारे अमेरिकेतले वसाहतवालेही जवळपास हाच हिशेब धरत. त्यांच्या झाकणाला निखारे घरंगळू नयेत म्हणून कड असायची. अशी लोखंडी भांडी वाळूच्या साच्यात ओतायचं पेटंट एब्राहम डार्बी या इंग्रजानं १७०७ साली घेतलं. आजीनं कसलंच पेटंट घेतलं नाही. म्हशाच्या जत्रेतून आणलेली एक परात टोपावर ठेवली की तिचं काम भागे. म्हशाची पौषातली जत्रा खरी प्रसिद्ध बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी. परात हा आमच्या घरचा पोटहिशेब.

हे सगळं व्हायचं रात्री, जेवणं झाल्यावर. याला कारण होतं. चुलीचा विस्तव बटण दाबून बंद होत नाही. भात झाला, आमटी झाली, तरी खैराचे, धावड्याचे निखारे चांगले तासदोन तास धगधगत. त्यातले थोडे राखेखाली झाकून सकाळसाठी जपायचे आणि उरलेल्यांची धग फुकट का घालवायची, म्हणून भानोलं. म्हणजे रात्रीचा उरलेला विस्तव आणि सकाळची न्याहारी यांची आजीनं गाठ घालून दिली होती.

आणि सकाळी तिला ती लागायचीच. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडे पहाटे उजाडायच्या आत माणसं शेतावर निघत. लाकडं ओली, घरभर धूर, फुंकणीनं फुंकून डोळे लाल. अशा वेळी कोण चूल पेटवून नाश्ता करणार? जगात जिथं जिथं सकाळी विस्तव पेटवता येत नव्हता, तिथं तिथं बायकांनी रात्री भट्टी लावलेली दिसते. शनिवारी अग्नी पेटवायला ज्यू धर्मात मनाई. म्हणून युरोपातल्या ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळीच मांस आणि शेंगदाण्यांचं हंडं पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत आणि दुसऱ्या दिवशी घरी आणत. शेंगदाणे नव्हेत, घेवड्याचे दाणे. ही मागून वाचून दुरुस्त करायला सांगते आहे. आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचंच खायचं. गुजरातेत तर त्या आदल्या दिवसाला 'रांधण छठ' असं नावच आहे. चुलीला विश्रांती द्यायचा सण सापडतो. चुलीपुढे बसणारीला विश्रांती द्यायचा सापडत नाही, म्हणून बायकांनी तो याच सणात बसवून घेतला असावा, अशी माझी शंका आहे.

इतिहासात मात्र याची नोंद नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेलं की सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, दान दिलेल्या गाई आहेत, हत्ती आहेत. यज्ञाच्या सकाळी ऋत्विजांना चहापाण्याला काय होतं, ते नाही. आमच्या शहापूरच्या डोक्यावर माहुलीचा किल्ला. १६३६ साली वेढा पडल्यावर शहाजीराजांनी तो सोडला, हे शाळेत पाठ केलं. वेढ्यातल्या माणसांना सकाळी कोण काय करून घालत होतं, हे परीक्षेत कधी आलं नाही.

एक नोंद मात्र माझ्याजवळ आहे आणि ती मला गाळता येत नाही. आजीच्या चुलीतला तो खैर, तो धावडा आजी काही रानातून तोडून आणत नव्हती. डोक्यावर मोळी घेऊन एक कातकरीण यायची. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव; जंगलाचे कायदे आले, तशी त्यांची कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर राबू लागली. ती बाई पहाटेच्या अंधारात निघून आमच्या अंगणात यायची. तिचीही न्याहारी आदल्या रात्रीचीच, पण ती नाचणीची भाकरी आणि मिरची. आजी मोळीचे पैसे द्यायची आणि वर भानोल्याची एक वडी द्यायची. 'वर' म्हणजे अक्षरशः वरून, तिच्या ओंजळीत टाकायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आजी किती मायाळू, असं वाटायचं. हल्ली सोड्याच्या भानोल्याचा वास आला की मला आधी ती ओंजळ आठवते.

पुढे वडिलांना मुंबईत नोकरी लागली आणि आम्ही शहापूरला बिऱ्हाड केलं. मुरबाडला रेल्वे नाही. तिची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. आसनगावाला मात्र १८६० पासून आहे, आणि पुढच्याच वर्षी ती कसाऱ्याला पोचली. वडील पाचच्या सुमाराची गाडी धरत. सुमारे ८५ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. तोवर आमच्याकडे चूलच होती. आई रात्री निखाऱ्यांवर काहीतरी लावून ठेवायची. पहाटे वडील आपल्या हातानं दोन वड्या कागदात गुंडाळून घेत, जपलेल्या विस्तवावर चहा गरम करून पीत आणि दार ओढून घेऊन जात. आई आमच्याबरोबर सहाला उठायची.

१९८४ साली आमच्याकडे गॅस आला. मुंबईत तो बर्शेनच्या नावानं १९५५ सालीच आलेला. आमचा नंबर लागायला एकोणतीस वर्षं लागली. सिलिंडरला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. शेजारच्या बायका निळी ज्योत पाहायला आल्या. चूल अंगणात गेली आणि तिच्यावर तुळशीच्या कुंड्या बसल्या.

आठवडाभरानं वडील म्हणाले, "आता गॅस आहे, तर सकाळी गरम पोहेच कर ना. दोन मिनिटांचं काम!"

ती दोन मिनिटं मी पुढे पुष्कळ वर्षं पाहिली. ती पहाटे चारला सुरू होत. कांदा चिरायचा, पोहे भिजवायचे, वडिलांचे पोहे, मग डबा, मग आमच्यासाठी उप्पीट, कारण मला पोहे नको असत. दोन मिनिटांची कामं एकामागून एक जोडली की सकाळ संपून जाई. शिळं खायला आमची काही हरकत नव्हती; ते खायचं कारण संपलं होतं, एवढंच. निखारे नाहीत म्हणून भानोलं नाही आणि भानोलं नाही म्हणून झोप नाही. गॅस आल्यानं आईचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, ही फार मोठी गोष्ट. तिला विचारलं तर ती चुलीकडे परत जायला साफ नकार देईल. पण घरात ज्याला आम्ही सगळे 'सोय' म्हणत होतो, ती पहाटे चारला कुणाला उठवत होती, हे मी एकदाही पाहायला गेलो नाही. मी झोपलेला होतो.

तर त्या डिसेंबरच्या सकाळी सूनबाईनं फ्रिजमधून आपलं काचेचं भांडं काढलं, ओव्हनचं बटण फिरवलं आणि वीज गेली.

आमच्याकडे वीज जाणं ही घटना नसते, पण सूनबाई घड्याळ लावून पाहत राहिली. वीस मिनिटं झाली. नातवंडं भुकेनं चिडली. तेवढ्यात मागच्या अंगणातून धुराचा वास आला. आई अजून बंबाच्याच पाण्यानं आंघोळ करते. गीझरचं पाणी तिला 'पोकळ' वाटतं. बंबातला विस्तव रसरसलेला होता. आई काठी टेकत आली आणि म्हणाली, "काचेतलं काढ. तो जाडा टोप आण. आणि परात."

पुढचा तास मी हमालाचं काम केलं. बंबातले निखारे चिमट्यानं काढून तीन विटांच्या मधे आणि परातीवर रचले. आई खुर्चीत बसून सांगत होती, "वर दोन वाटे, खाली एक." मी उत्साहाच्या भरात खाली दोन ठेवले. त्यामुळे सूनबाईच्या कॅसरोलचं बूड रीतसर करपलं. वरचा भाग मात्र असा सोनेरी फुगला होता, की तिनं आधी त्याचा फोटो काढला आणि मग सुरी घातली. करपलेला भाग घरच्या रिवाजाप्रमाणे कर्त्या पुरुषाकडे आला. तो कर्ता मीच होतो, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

आईनं कडेचा एक तुकडा खाल्ला. चीज दाताला चिकटतं, म्हणाली. सोडे घालायला हवे होते, असंही म्हणाली. सूनबाईनं सोडे म्हणजे काय ते विचारलं, ही उठून बरणी आणायला गेली, आणि बरणीचं झाकण उघडताच दोन्ही नातवंडं नाक धरून अंगणात पळाली.

"आजी, उद्या सकाळी काय करू?" सूनबाईनं विचारलं.

आई म्हणाली, "काही करू नकोस. यातलंच चार तुकडे झाकून ठेव. आणि माझ्या खोलीतलं ते गजराचं घड्याळ बाहेर नेऊन ठेव गं."