कावीळ

रक्तातील बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढल्यामुळे डोळ्यांचा पांढरा भाग, त्वचा व श्लेष्मल आवरणे पिवळी दिसू लागतात. या अवस्थेस कावीळ म्हणतात. आयुर्वेदात तिला ‘कामला’ अशी संज्ञा आहे. व्यवहारात कावीळ हा रोग समजला जात असला, तरी वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते केवळ लक्षण होय. त्यामागील रोग अनेक असून त्यांचे उपचारही परस्परांहून भिन्न आहेत.

कारणे

तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवसांनी नष्ट होतात व त्यांतील हीमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. यकृत त्याचे विद्राव्य रूपांत परिवर्तन करून ते पित्तावाटे आतड्यात सोडते. मलाचा नेहमीचा रंग त्यापासूनच येतो. निरोगी व्यक्तीच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात बिलिरुबिन साधारणतः १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास गेले की डोळ्यांत पिवळेपणा दिसतो.

रक्तपेशी प्रमाणाबाहेर फुटणे, यकृताच्या पेशींना इजा होणे आणि पित्तमार्ग अडणे अशी कावीळीची तीन प्रमुख कारणे आहेत. यकृताला इजा विषाणूंमुळे, मद्यामुळे किंवा क्षयरोगावरील काही औषधांमुळेही होते. पित्तमार्ग पित्ताशयातील खड्यामुळे वा स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे अडतो. अशा वेळी लघवी गडद, मल मातकट पांढरा होतो आणि अंगाला खाज सुटते. उतारवयात पोटदुखीशिवाय आलेली व वजन घटत असताना वाढत जाणारी कावीळ विशेष गंभीर मानली जाते.

साथी

हिपॅटायटिस ए व ई हे विषाणू मुख्यतः मलदूषित पाण्यातून, तर बी व सी रक्तावाटे पसरतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून कावीळीची मोठी साथ आली; सुमारे २९,००० रुग्ण आढळले. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या नंतरच्या तपासणीत हा हिपॅटायटिस ई असल्याचे निष्पन्न झाले. हा विषाणू बहुतेकांत आपोआप बरा होणारा आजार निर्माण करतो; मात्र गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत तो झाल्यास २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात.

लोकोपचार व गैरसमज

महाराष्ट्रात कावीळ ‘उतरवण्याची’ प्रथा आजही आढळते. गळ्यात घातलेली वनस्पतीच्या काड्यांची माळ दिवसेंदिवस लांबत जाते, ती काड्या सुकून आक्रसल्याने व दोऱ्याच्या गाठी सैल झाल्याने. हात धुताना चुन्याचे पाणी पिवळे होते, ते हातांना आधीच चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. ए व ई प्रकारची कावीळ काही आठवड्यांत स्वतःहून ओसरत असल्याने श्रेय माळेला मिळते. पित्तमार्ग अडलेल्या रुग्णाचा मात्र यात मोलाचा काळ वाया जातो. डाग देण्याने तर भाजल्याची जखम तेवढी होते. हळद पिवळी म्हणून वर्ज्य करण्यास आधार नाही. आणि पथ्य म्हणून पाजला जाणारा रस्त्यावरचा उसाचा रस, त्यातील बर्फ दूषित असल्यास, स्वतःच संसर्ग देऊ शकतो.

उपचार

ए व ई प्रकारांत विश्रांती व पुरेसा आहार बहुधा पुरतो; मद्य पूर्ण वर्ज्य असते. असंबद्ध बोलणे, अनावर झोप, रक्तस्राव ही यकृत निकामी होत असल्याची चिन्हे असून तत्काळ रुग्णालयीन उपचार लागतात. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत बरा होतो. हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लस भारतात बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाते.