रोजे कारेल (१९२७–२०२०) : फ्रान्समधील आवाजाचा अभिनय आणि श्रेयाचा प्रश्न

चित्रपटाच्या इतिहासलेखनात नटाचे स्थान बहुधा त्याच्या चेहऱ्यावरून निश्चित केले जाते. ज्या नटाचे मुख्य कार्य ध्वनिमुद्रण कक्षाच्या अंधारात घडले, त्याची नोंद घेताना इतिहासकाराची साधने अपुरी पडतात. फ्रेंच नट रोजे कारेल हे याचे ठळक उदाहरण होय. १४ ऑगस्ट १९२७ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या नटाचे मूळ आडनाव बांकारेल. रंगभूमी, रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांत त्यांनी काम केले. परंतु फ्रेंच भाषकांच्या किमान तीन पिढ्यांच्या स्मरणात ते राहिले ते आवाजाच्या रूपाने.

या कारकिर्दीची पार्श्वभूमी आर्थिक आणि राजकीय आहे. बोलपट आल्यानंतर १९३० च्या सुमारास पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळील झुआँव्हिल येथे एकच चित्रपट वेगवेगळ्या भाषांतील नट घेऊन पुनःपुन्हा चित्रित करण्याचा प्रयोग केला. तो अतिशय खर्चिक ठरला आणि डबिंगने त्याची जागा घेतली. पुढे १९४६ च्या ब्लम-बर्न्स करारामुळे फ्रेंच चित्रपटगृहे अमेरिकन चित्रपटांना मोठ्या प्रमाणात खुली झाली. फ्रेंच चित्रपटसृष्टीने या करारावर कडाडून टीका केली. तथापि त्याच आयातीमुळे युद्धोत्तर काळातील नटांना डबिंगचे नियमित काम उपलब्ध झाले, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही. कारेल यांची पिढी या परिस्थितीत घडली.

फ्रेंच पद्धतीचे एक वैशिष्ट्य येथे नमूद करणे आवश्यक आहे. पडद्याच्या तळाशी 'बांद रिथ्मो' नावाची पट्टी सरकत असते. मूळ नटाच्या ओठांच्या हालचाली, श्वास आणि विराम यांच्या खुणा त्या पट्टीवर आधी केल्या जातात. मग रूपांतरकार त्या खुणांना जुळणारे फ्रेंच संवाद लिहितो. पूर्वी हे संवाद सुलेखनकार हाताने उतरवीत. आता ते संगणकावर होते. नट एका आडव्या दांड्यापाशी उभा राहून, पट्टीवरील अक्षरे ठरावीक रेषेवर येताच ती उच्चारतो. हे वाचन नव्हे. डोळा पट्टीवर, लक्ष पडद्यावरील देहावर आणि भाव आवाजात, अशी तिहेरी कसरत करावी लागते. या क्षेत्रातील फ्रेंच नट स्वतःस 'डबिंग करणारा' न म्हणवता 'कोमेदियँ', म्हणजे नट, म्हणवून घेण्याचा आग्रह धरतात, त्यामागे हे कारण आहे.

पडद्यावर कारेल यांना बहुतांशी दुय्यम विनोदी भूमिका मिळाल्या. झाँ-मारी प्वारे यांच्या 'पापी फे द ला रेझिस्तांस' (१९८३) मधील जर्मन सेनापती म्युलर ही त्यांपैकी एक. आवाजाच्या क्षेत्रात मात्र त्यांचा विस्तार थक्क करणारा आहे. चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'च्या फ्रेंच आवृत्तीत चॅप्लिन, तसेच बेनी हिल, 'मपेट शो'मधील कर्मिट आणि 'जंगल बुक'मधील का अजगर अशा परस्परांशी काडीचेही साम्य नसलेल्या पात्रांना त्यांनी वाणी दिली. का आणि विनी द पू या दोघांचाही मूळ इंग्रजी आवाज स्टर्लिंग हॉलोवे या एकाच नटाचा होता आणि फ्रेंचमध्येही ती दोन्ही पात्रे कारेल यांच्याकडे आली. आल्बेर बारिये यांच्या 'इल एते तुन फ्वा... लोम' (१९७८) या मानवी इतिहासावरील बालमालिकेतील पांढऱ्या दाढीचा मेस्त्रोही त्यांच्याच आवाजात बोलतो. इतिहासाचे पहिले धडे असंख्य फ्रेंच मुलांनी अशा रीतीने एका नटाच्या तोंडून ऐकले, ही बाब इतिहासाच्या अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

'स्टार वॉर्स'मधील सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचे फ्रेंच आवृत्तीत 'झेड-सिस-पेओ' असे नामांतर झाले. मुखवट्याचे ओठ हलत नसल्यामुळे येथे ओठ जुळविण्याचे बंधन नव्हते. परंतु अँथनी डॅनियल्स या इंग्रज नटाची लगबगीची, अवघडलेली देहबोली कायम होती आणि तिच्याशी आवाज जुळवावा लागे. १९७७ पासून २००५ पर्यंतच्या सहाही चित्रपटांत हे काम कारेल यांनी केले.

आस्तेरिक्सची गोष्ट मुळातच निराळी आहे. गोसिनी आणि युदेर्झो यांनी १९५९ मध्ये निर्माण केलेल्या या चित्रकथानायकावरील पहिला चलत्चित्रपट (१९६७) बेल्व्हिजन या बेल्जियन संस्थेने लेखक-चित्रकारांना विश्वासात न घेताच तयार केला. ते त्यावर नाराज होते. तरीही पुढील चित्रपटांत त्यांनी आवाज बदलला नाही. १९६७ ते २०१४ या काळातील नऊही चलत्चित्रपटांत आस्तेरिक्स हे कारेलच राहिले. ओबेलिक्सचा आवाज मात्र या अवधीत अनेकदा बदलला. येथे कोणाच्याही देहावर उसना आवाज चढविलेला नाही. पात्राचा मूळ आवाजच कारेल यांचा आहे. 'मूळ अभिनय' आणि 'केवळ डबिंग' ही विभागणी एकाच नटाच्या कारकिर्दीत किती डळमळीत होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ही विभागणी निव्वळ तात्त्विक नव्हती. तिच्यावर मोबदला अवलंबून होता. डबिंगचे पैसे ओळींच्या हिशेबाने मिळत. ३ जुलै १९८५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये कलावंतांना आपल्या सादरीकरणावर संलग्न हक्क दिले. परंतु चित्रपट पुनःपुन्हा प्रसारित झाल्यावर आवाज देणाऱ्या नटास वाटा मिळावा, यासाठी ऑक्टोबर १९९४ मध्ये डबिंग कलावंतांना संप पुकारावा लागला. तो कित्येक आठवडे चालला. या हक्कांची व्यापक व्यवस्था ठरण्यास त्यानंतरही सुमारे एक दशक जावे लागले.

श्रेयाचा आणखी एक पैलू आहे. पडद्यावरील नटाची भूमिका पुसता येत नाही. आवाजाची पुसता येते. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चे फ्रेंचमध्ये १९३८, १९६२ आणि २००१ असे तीनदा डबिंग झाले. 'पिनोकिओ'च्या १९७५ च्या नव्या डबिंगमध्ये जिमिनी क्रिकेटचा आवाज कारेल यांचा आहे, म्हणजे तेथे त्यांच्याच आवाजाने एका पूर्वसूरीस विस्थापित केले. जुन्या श्रेयनामावल्यांत आवाजांची नावे पुष्कळदा आढळत नाहीत. अभ्यासकास प्रसंगी कानावरच विसंबावे लागते. कारेल यांचे १९८६ चे आत्मकथन या दृष्टीने उपयुक्त असले, तरी एका विनोदी नटाचे स्मरणरंजन म्हणूनच ते वाचावयास हवे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये 'ल दोमेन दे दिय' प्रदर्शित झाला, तेव्हा कारेल ८७ वर्षांचे होते. आस्तेरिक्स म्हणून हे त्यांचे अखेरचे काम. २०१८ च्या पुढील चित्रपटात ही जबाबदारी क्रिस्तियाँ क्लाव्हिए यांच्याकडे आली. १९९९ च्या चित्रपटात आस्तेरिक्सला पडद्यावर चेहरा दिला होता तो याच नटाने. कारेल यांचे ११ सप्टेंबर २०२० रोजी शारांत प्रांतातील एग्र येथे निधन झाले.