उचल आणि पगार

देहूरोड हे नावच मुळी दुसऱ्या गावाच्या आधाराने उभे आहे. देहूला जायचे असेल त्यांनी जेथे उतरायचे, ते देहूरोड. लष्कराची छावणी, दारूगोळ्याचे कोठार, आयुधनिर्माणी आणि जुना पुणे-मुंबई रस्ता ही त्याची स्वतःची ओळख. पण उत्तरेकडे वळणारा रस्ता तुकोबांच्या गावी जातो, आणि त्याच परिसरात तळवड्याच्या बाजूला लहानलहान यंत्रशाळांच्या रांगा लागतात. त्यांतल्याच एका शेडमध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न विचारला. धाकट्या भावासह त्याने खाजगी मर्यादित कंपनी काढली आहे. नऊ कामगारांचे पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी होतात. "सर, माझा स्वतःचा पगार किती लिहू?" असे तो म्हणाला, आणि दोन वर्षे आपण काहीच घेतलेले नाही, हे त्याने काहीशा अभिमानाने सांगितले.

आम्हां प्राध्यापकांचे पगार आयोग ठरवतात. त्यामुळे या प्रश्नाचा आम्हांला अनुभव नाही. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो दोनदा तरी ऐन मोक्याच्या जागी उभा राहिलेला आहे, हे त्या शेडमधून परतताना लक्षात आले.

प्रथम शब्दांकडे पाहू. मालक दुकानातून घरासाठी जे घेतो त्याला आपल्या हिशेबाच्या भाषेत 'उचल' म्हणतात. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मुळात ते 'चुकते करणे' या अर्थाचे क्रियापद. फरक अर्थपूर्ण आहे. पगार चुकता करायला देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा लागतो. उचलीला एकच हात पुरतो. एकट्या मालकाचा धंदा असेल तर आजही हिशेबशास्त्र त्याला स्वतःचा पगार खर्ची टाकू देत नाही. तो काही घेईल ती उचल, आणि ती त्याच्या भांडवलातून वजा होते.

तुकोबांचे घराणे वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी करणारे, महाजनकीचे वतन असलेले. १६३० नंतरच्या भीषण दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी गेली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र चरित्रपरंपरेने त्या कथेत जपलेला एक तपशील आपण सहसा ओलांडून जातो. बुडवली ती निम्मी खते. उरलेली निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची, ती त्याला देण्यात आली. विरक्तीच्या क्षणीही 'माझे' आणि 'भावाचे' यांची वाटणी आधी झाली. त्याग केला तो फक्त स्वतःच्या हिश्शाचा. आम्हांला ही कथा वैराग्याइतकीच हिशेबाच्या सचोटीची वाटते. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण करू शकत नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि तरुण टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. संस्था आजीव सभासदांची. तेच शिक्षक, तेच चालक. म्हणजे स्वतःचे वेतन त्यांनीच ठरवायचे होते. पुढे गोखल्यांच्या चरित्रामुळे प्रसिद्ध झालेला दरमहा ७५ रुपयांचा आकडा याच व्यवस्थेतला.

टिळक-आगरकरांचा वाद आपण वर्गात 'आधी राजकीय की आधी सामाजिक' असा शिकवतो. तो खराच आहे. पण संस्थेतले भांडण बरेचसे पैशाच्या आणि वेळेच्या प्रश्नांवर झाले. वेतन वाढवावे काय? शाळेचे तास संपल्यावर उरणारा वेळ कोणाचा? बाहेर काम करून मिळवलेले पैसे सभासदाचे की संस्थेचे? टिळकांच्या डोळ्यांपुढे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता: सर्वांना सारखे, बेताचे वेतन आणि सगळा वेळ संस्थेला. आगरकर व त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत, की नेमलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळेवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा हा वाद शिगेला पोहोचला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले.

या वादात आपली सहानुभूती कोणाकडे, हे सांगणे आम्हांला सोपे वाटत नाही. सर्वांना सारखे वेतन हे तत्त्व निर्मळ दिसते. परंतु टिळकांच्या पाठीशी वडिलार्जित मिळकतीचा आधार होता, तर आगरकर टेंभूच्या दारिद्र्यातून वर आलेले आणि दम्याने गांजलेले. आकडा समान असला की त्याग समान होतो असे नाही. उलट, संस्थेचे चालकच बाहेरची कमाई करू लागले तर संस्था उरल्यासुरल्या वेळेवर जगेल, ही टिळकांची भीतीही खोटी नव्हती. १८९१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' टिळकांकडे आले. त्या सुमारास ते वकिलीचा वर्गही चालवीत होते आणि लातूरच्या सरकीच्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. याला कोणी विसंगती म्हणेल. आम्ही म्हणू, की आपल्या घराचा भार आपल्या ध्येयाच्या संस्थेवर पडू नये, यासाठी शोधलेले ते दुसरे उत्तर होते.

कायद्याने या प्रश्नाला वेगळी वाट दिली. १८९६ मध्ये लंडनच्या सालोमन नावाच्या चर्मव्यावसायिकाच्या खटल्यात असे ठरले, की जवळपास सगळे भाग एकाच माणसाकडे असले तरी कंपनी ही त्या माणसाहून वेगळी व्यक्ती होय. देणारा आणि घेणारा असे दोन झाले; उचलीचा पगार होऊ शकला. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याने सार्वजनिक कंपन्यांतील व्यवस्थापकीय मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा घातली. २०१३ च्या कायद्यातही हा आकडा आहे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. अशा काळात मोठ्या पगारापेक्षा कंपनीचे घर आणि कंपनीची गाडी अधिक सोयीची ठरली, यात नवल नाही. पण दोन भावांच्या खाजगी कंपनीला ही टक्केवारीची मर्यादा नाही. तेथे प्रश्न पुन्हा घरच्या उंबरठ्यावर येऊन बसतो.

आमच्या विद्यार्थ्याचा अभिमान आम्हांला येथेच खटकला. शून्य हाही एक आकडाच आहे, आणि तो बहुधा खोटा असतो. दोन वर्षे त्याचे घर पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. म्हणजे कंपनीची खरी सावकार तीच, पण तिचे नाव कोणत्याही वहीत नाही. दादा घेत नाही म्हणून धाकट्यानेही मागितले नाही. हा त्याग त्याने केलेला नव्हता, त्याच्याकडून करवला गेला होता. शिवाय स्वतःचे श्रम न धरल्यामुळे मोठ्या कारखान्याला दिलेले सुट्या भागांचे दर कमी पडत होते आणि कागदावरचा नफा फुगलेला दिसत होता.

आम्ही त्याला आकडा सांगितला नाही. तो आमचा अधिकार नव्हे. एवढेच म्हटले, की तुझे काम करायला उद्या बाहेरचा माणूस ठेवावा लागला तर त्याला काय देशील, ते आधी लिही. तेवढे कंपनीला झेपत नसेल तर घेशील ते कमी घे, पण फरक वहीत दिसू दे. आणि हा आकडा एकट्याने ठरवू नकोस.

गेल्या महिन्यात तो भेटला. कामगारांचे पगार झाल्यावर, त्याच दिवशी, त्याने स्वतःच्या नावाचा पहिला धनादेश घेतला होता. रक्कम त्याने सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. धनादेशावर सही मात्र धाकट्या भावाची होती.