दिवाळें आणि ऋणकोचें कर्तव्य

भर दिवसां पेढीवर दिवा लावून व्यापाऱ्यानें आपण बुडाल्याचें जाहीर करावयाचें, अशी जुनी रीत सांगतात. ‘दिवाळें’ या शब्दाचें मूळही कित्येक त्यांतच शोधतात. इंग्रजी अमलांत हें काम कोर्टाकडे गेलें. १८२८ च्या कायद्यानें कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें त्यासाठीं न्यायालयें झालीं. मुफसलास मात्र स्वतंत्र कायदा मिळावयास १९०७ साल उजाडलें.

या कायद्याचा हेतु दयेचा होता. नादार ठरतांच कर्जापायीं तुरुंगांत पडलेला ऋणको सुटे. प्रामाणिक मनुष्यास हा मोठाच आधार. पण त्यांत लबाडाचीही सोय झाली. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या, मालमत्तेची व धनकोंची यादी द्यावी, जबाबास उभें राहावें, हीं कर्तव्यें कायद्यांत लिहिलेलीं होतींच. परंतु अभय आधींच पदरांत पडल्यावर तीं पाळतो कोण!

१९२० च्या कायद्यानें ही फट बुजविली. अटकेपासून संरक्षण आतां मागून घ्यावें लागे, आणि तें देणें न देणें कोर्टाच्या हातीं राहिलें. ठरल्या मुदतींत कर्जमुक्तीचा अर्ज न केल्यास नादारीच रद्द होई. कर्तव्य जाणूनबुजून चुकविल्यास एक वर्षापर्यंत कैद. शिवाय मिळकत देण्याच्या रुपयास आठ आणेही भरत नसेल, तर तो आपला दोष नव्हे हें ऋणकोनेंच पटवावयाचें. दुष्काळानें किंवा भाव कोसळल्यानें बुडालेल्यास तें दाखवितां येई. ज्यानें वह्याच ठेवल्या नाहींत, त्याची मात्र पंचाईत होई.