बार्शीची नोंदवही, धारणीची वाट

कर्करोगावरील नवे उपचार म्हटले की परळ आठवते. 28 फेब्रुवारी 1941 रोजी तिथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र आले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. कमल रणदिवे यांच्या पिढीने पेशींच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. हा वारसा मोठाच आहे. तरीही मेळघाटातल्या धारणीच्या बाईला उपयोगी पडेल असा या इतिहासातला भाग मला परळपेक्षा बार्शीत अधिक सापडतो. अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर, वाट सेमाडोह-हरिसालच्या जंगलातून. रुग्ण दारात येण्याची वाट पाहणाऱ्या संशोधनाला ही बाई दिसणारच नाही.

बार्शीने वाट पाहिली नाही. 1987 मध्ये तिथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद ठेवणारे गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावत आणि संशय आला तर रुग्णालयात पाठवत. काम मोजणीचे होते, पण त्यातूनच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. त्याच अनुभवावर 1999 मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात टाटा, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी याच कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग उभारला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, गावांचे 52 गट. काहींची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींची पेशींची, काहींची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी. एक गट नेहमीच्या व्यवस्थेवर राहिला. आठ वर्षांनी हिशेब लागला. एचपीव्ही गटात या रोगाने 34 मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये जगापुढे आले.

तपासणी म्हणजे उपचार नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, नुसत्या निदानाने कोणी वाचत नाही. पण इथे दोष आढळलेल्या बायकांवर रोग होण्याआधीच उपचार झाले, म्हणून जीव वाचले. एका गटाला तपासणी न देता तसेच ठेवले, हा आक्षेप मात्र खरा आणि जड आहे. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी नव्हतीच, हे उत्तर मला अपुरे वाटते. ज्यांच्या जोखमीवर ज्ञान उभे राहते, त्यांना त्याचा लाभ आधी मिळायला हवा. तिसरा आक्षेप असा की भविष्य पेशी-उपचारांचे आहे. मुंबईच्या आयआयटीत घडलेल्या नेक्सकार-19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या काही कर्करोगांसाठी तो वरदानच आहे. पण रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून परत देणारे असे उपचार मोठ्या रुग्णालयातच होतात. तिथवर पोहोचायला निदान वेळेवर लागते, आणि ते गावातच सुरू होते.

हे धारणीत जमेल का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. तालुक्यातल्या उतावलीत डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेने गावच्याच आरोग्यदूत बायकांच्या हातून बालमृत्यूंवर संशोधन करून दाखवले आहे. कर्करोगाच्या पुढच्या प्रयोगाची पहिली गावे धारणी तालुक्यातली असावीत, तपासणारी बाई कोरकू बोलणारी असावी, आणि प्रयोग संपला तरी तपासणी तिथून हलू नये, एवढी मागणी वऱ्हाडाने परळकडे करावी.